टॅरोचा डेक पुण्यात काढायचा, तर त्यात बर्फ कशाला?

निळी_शाई
टॅरो, म्हणजे भविष्य बघायचे चित्रांचे पत्ते, शिकवणाऱ्या एका ताईंची पोस्ट काल वाचली आणि डोकं फिरलं. सारांश असा: स्वतःचा डेक (पत्त्यांचा संच) काढायचा तर वेट-स्मिथची, म्हणजे वेटने आखलेल्या आणि पामेला कोलमन स्मिथने काढलेल्या डेकची, चित्रं आहेत तशी ठेवा, माणसांना फक्त नऊवारी आणि धोतर नेसवा, कारण 'प्रतीकं सार्वत्रिक असतात'. मी खाली 'असहमत' एवढंच लिहिलं, तर 'आधी अभ्यास करा' असं उत्तर. म्हणून इथे पाल्हाळ लावतेय.

अभ्यास तीन वर्षं चालू आहे. ७८ पैकी ३१ पानं काढली, त्यातली ९ फाडली. 'स्ट्रेंथ'मध्ये सिंहाचं तोंड धरणारी बाई पांढऱ्या झग्यात असते. मी इमानेइतबारे तिला पांढरं लुगडं नेसवलं. आजीने पान हातात घेतलं आणि विचारलं, "हिचा नवरा या सिंहानेच खाल्ला का गं?" संपलं सार्वत्रिक.

'फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स'चं, म्हणजे पाच नाण्यांच्या पानाचं, तेच. बर्फातून दोन कंगाल माणसं चाललीत, वर चर्चची रंगीत काच उजळलीय. नऊवारीतली बाई बर्फात उभी केली की ती कंगाल दिसत नाही, मनालीला गेलेली दिसते. मी भाद्रपदातला पाऊस काढला. रोषणाईने झगमगणारा मांडव, आणि त्याच्या मागच्या अंगाला, जिथे वायरी आणि उरलेले बांबू पडलेले असतात, तिथे भिजत उभे दोघं.

आता मी आधी पानाचं क्रियापद शोधते. 'एट ऑफ पेंटॅकल्स' म्हणजे ठोकणं; आपली तांबट आळी आहेच. 'टेंपरन्स' म्हणजे या भांड्यातून त्या भांड्यात ओतणं, अमृततुल्यवाला. 'हर्मिट' म्हणजे कंदील धरणं; पहाटे कंदील घेऊन येणारा, वर भविष्यही सांगणारा पिंगळा आपल्याकडे असताना आल्प्समधला म्हातारा कशाला आणायचा? आणि तेरावं पान, 'डेथ', म्हणजे निरोप देणं. तिथे मी विसर्जन काढतेय.

अर्धा_चंद्र
ती पोस्ट माझी नाही, पण मी त्या ताईंच्या बाजूने आहे. १९०९ पासून जगभर लोक याच चित्रांवर शिकलेत. पानाला आकडा आहे, रास आहे, ग्रह आहे. एक वीट काढली की भिंत हलते. समोरचा माणूस चहावाला बघून 'टेंपरन्स' ओळखणार कसा? देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर असतो, त्याला अर्थ आहे.

निळी_शाई
आमच्या चहावाल्याचाही एक पाय टपरीत आणि एक गटारात आहे.
विटांचं म्हणाल तर पहिली वीट वेटसाहेबांनीच काढली. फ्रान्समधल्या मार्सेच्या जुन्या टॅरो पत्त्यांत 'जस्टिस' आठवं, 'स्ट्रेंथ' अकरावं. राशी जुळवायला त्यांनी अदलाबदल केली. आणि मार्सेच्या छोट्या, म्हणजे आकड्यांच्या पानांवर प्रसंगच नसतात, नुसते पेले आणि काठ्या मोजायच्या. ते प्रसंग पामेला कोलमन स्मिथने काढले, तेही काही ठिकाणी पंधराव्या शतकातल्या सोला बुस्का पत्त्यांकडे बघून. 'थ्री ऑफ सोर्ड्स'मधल्या काळजातल्या तीन तलवारी तिथूनच आल्यात. 'खूप काम, पैसे अगदी थोडे' असं बिचारीने पत्रात लिहून ठेवलंय. तिने बघून बदललं तर परंपरा, मी बदललं तर अभ्यास कमी?

अर्धा_चंद्र
तुम्ही पामेला कोलमन स्मिथ आहात हे माहीत नव्हतं. क्षमस्व.

पेठेतला_कावळा
बाकी चहावाला, पिंगळा काय ते काढा. पण गणपतीला मृत्यूचं पान? तेही तेरावं? जरा तरी! उद्या ते पान कुणाच्या तरी सतरंजीवर पडणार, त्याच्यावर चहा सांडणार, कोपरे दुमडले की कचऱ्यात जाणार. देव पत्त्यांवर नकोत. विषय संपला.

निळी_शाई
नाव कावळा आणि तेराव्याला हरकत? दहावा तुमच्याकडे, तेरावा माझ्याकडे, ठरलं.

कुडाळची_लेक
देव पत्त्यांवर नकोत हे सावंतवाडीत येऊन सांगा. दशावतारी गंजिफाची १२० गोल पानं, दहा रंग, प्रत्येक रंगाचा राजा म्हणजे एक अवतार. दिवसा डाव रामाच्या राजापासून, रात्री कृष्णापासून. आमचे आजोबा नृसिंह असा आपटायचे की सुपारी उडायची. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, हरलेल्याच्या सोडून.

पेठेतला_कावळा
ती हाताने रंगवलेली, लाखेची पानं, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. ही छापील. फरक आहे. छापील देवाचं काय करायचं हा प्रश्न लग्नपत्रिकांनी आधीच आमच्या डोक्यावर बसवलाय. आमच्या सोसायटीच्या पिंपळाखाली जाऊन बघा. फुटक्या तसबिरी, दोन गेल्या वर्षीच्या दिनदर्शिका आणि लग्नपत्रिकांचा खच. पत्रिकेवर गणपती छापायची सक्ती कुणी केली?

मुळशीकर
+१. एका पत्रिकेवर मी सात गणपती मोजलेत. पाकिटावर एक, आत चार, आणि दोन 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'च्या दोन्ही बाजूंना.

दुपारची_झोप
आम्ही नदीत सोडतो.

मुळशीकर
शाबास. नदीचं जे झालंय ते तुमच्यासारख्यांमुळेच.

दुपारची_झोप
माझ्या दोन पत्रिकांनी मुठेचं गटार झालं का? तुम्ही गाडी धुता तेव्हा पाणी कुठे जातं ते आधी सांगा. उगाच मोठेपणा नको.

सुनंदाची_सून
भांडू नका हो. आमच्या सासऱ्यांची पद्धत सांगते. पत्रिका आली की जेवण झाल्यावर कात्री घेऊन बसायचे, गणपती नीट कापून घ्यायचे, उरलेली पत्रिका रद्दीत. कापलेला गणपती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मागच्या वर्षी ते गेले. कपाट आवरताना तीन डबे निघाले. चाळीसेक वर्षांचे गणपती. सोनेरी, लाल, वेलबुट्टीचे, नंतरचे ते नुसत्या एका रेषेचे. नवरा म्हणाला टाकून देऊ, आणि मग दोघंही डब्याकडे बघत बसलो. अजून तिथेच आहेत.

पेठेतला_कावळा
तुमचे सासरे शहाणे होते.

मुळशीकर
मूळ विषयावर माझे दोन पैसे. टॅरो म्हणजे इटलीतला पत्त्यांचा डाव. पंधराव्या शतकात तिकडचे लोक खेळायचे, भविष्य त्याला अठराव्या शतकात फ्रान्समध्ये चिकटलं. आमच्या मेहुण्याने एका बाईंच्या नादाने चालू नोकरी सोडली, पान म्हणे 'नवी वाट' दाखवत होतं. नवी वाट सासुरवाडीला, म्हणजे आमच्याच घरी आली, आठ महिने. तेव्हा चित्रं काढा, छानच काढता असाल, पण दुकान टाकू नका.

निळी_शाई
दुकान नाही. चित्रं काढतेय. मेहुण्यांचा हिशेब माझ्या नावावर नको.

अर्धा_चंद्र
'टॉवर'ला काय काढलंत? की तिथेही चहा?

निळी_शाई
पानशेतचं धरण फुटलं ते. १२ जुलै १९६१. सगळं एका सकाळी कोसळणं. पुणेकराला दुसरं चित्र सांगायलाच नको.

नारायणपेठ_जुने
मी सहसा लिहीत नाही. त्या दिवशी मी सात वर्षांचा होतो. आईने मला आणि धाकटीला दंडाला धरून पर्वतीवर नेलं. वडील मागे राहिले, ते संध्याकाळी उशिरा भेटले, गुडघ्यापर्यंत चिखल. घरातलं काही उरलं नाही. नंतर कित्येक दिवस प्यायला पाणी मिळेना. पुरात घर गेलं आणि पाणी नाही, याचं मला तेव्हा फार आश्चर्य वाटलं होतं.
टॅरोतलं मला काही कळत नाही. नातीने फोनवर वाचून दाखवलं की त्या पानावर गर्वाचा बुरूज पडतो, वरचा मुकुट उडतो. आमच्या वाड्यात गर्व कुणाला होता? आम्ही भाडेकरू होतो.

निळी_शाई
काका, तुम्ही माझाच नियम मला दाखवलात. मी 'कोसळणं' घेतलं आणि कोण कोसळलं ते बघितलंच नाही. ते पान फाडते. दहावं.

अर्धा_चंद्र
हेच मी सकाळपासून सांगतोय, मुकुट असतो तो उगाच नसतो. पण काकांनी सांगितल्यावर पटलं, ठीक आहे.

कुडाळची_लेक
मग शनिवारवाडा. १८२८ ची आग, आठवडाभर धुमसत होती म्हणतात. बुरूजही आहेत, दिल्ली दरवाजाही.

पेठेतला_कावळा
१८२८ ला पेशवे ब्रह्मावर्तात, म्हणजे बिठूरला होते. सत्ता १८१८ लाच गेली. जळाला तो इंग्रजांच्या ताब्यातला वाडा. गर्व कुणाचा, हे ठरवून काढा, नाहीतर परत काका येतील.

नारायणपेठ_जुने
मी येणार नाही. वाडा चालेल.

दुपारची_झोप
आणि विसर्जन तरी आता नदीत होतं कुठे? आमच्याकडे घाटावर लोखंडी टाकी येते, दोन मुलं मूर्ती घेतात, पाच सेकंदात पुढचा नंबर. खरं काढायचं तर ती टाकी काढा.

पेठेतला_कावळा
टाकी काढलीत तर मात्र मी हा धागा कायमचा सोडेन.
हे बघा, मला तुमची कल्पना अजूनही आवडलेली नाही. पण काढायचंच असेल तर मूर्ती दाखवू नका. परत येताना काय असतं हातात? रिकामा पाट. त्यावर नदीची मूठभर वाळू. घरी आल्यावर तो पाट परत त्याच जागी ठेवतो, आणि घर एकदम मोठं वाटायला लागतं. देवही पत्त्यावर येत नाही आणि तुमचं ते क्रियापदही राहतं.

निळी_शाई
... कावळेबुवा, हे तुम्ही सकाळी नऊला सांगितलं असतं तर?

पेठेतला_कावळा
सकाळी नऊला तुम्ही दहावा माझ्याकडे देत होतात.

निळी_शाई
देते परत. @सुनंदाची_सून, ते डबे टाकू नका. पानांना मागची बाजूही लागते आणि तिथे काय काढायचं हे तीन वर्षं अडलंय. एकदा नुसते बघायला येऊ का?

सुनंदाची_सून
या की. फक्त दुपारी एक ते चार नको.

पेठेतला_कावळा
मागच्या बाजूला गणपती??