मदत हवी आहे: किशोरवयीन कामगाराचे खरे तास सिद्ध कसे करायचे?

मोबाइलच्या दुकानात 16 वर्षांचा मुलगा सकाळी 10 ते रात्री 9 राबतोय. 1986च्या बाल व किशोरवयीन कामगार कायद्यानुसार सलग 3 तासांनंतर किमान तासभर विश्रांती, ती धरून दिवसाला जास्तीत जास्त 6 तास, संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम बंद, ओव्हरटाइम अजिबात नाही. रजिस्टरमध्ये मात्र 10 ते 4 लिहिलंय, वय 18! वयाला शाळा सोडल्याचा दाखला आहे. अडतंय ते तासांपाशी. रात्री साडेआठच्या पावत्यांवर त्याच्या सह्या आहेत, त्यांचे फोटो चालतील का? कामगार निरीक्षकाने संध्याकाळी 7 नंतरच तपासणीला यावं, हे तक्रार अर्जात कसं मांडायचं? नाव गुप्त राहायलाच हवं, नाहीतर पोराचा थकलेला पगार बुडेल. असा अर्ज कुणी केला असल्यास कृपया मसुदा द्या.