मदत हवी आहे: डायलिसिसच्या बंद हॉलमधली हवा, कोणाशी आणि कसं बोलू?

आईचं (वय ६७) डायलिसिस २०२२च्या जानेवारीत सुरू झालं. सोम-बुध-शुक्र, सकाळची शिफ्ट. साडेसहाला ऑन करतात (म्हणजे मशीनला जोडतात), साडेदहाला ऑफ. रुग्णालय कोल्हापुरातलंच, मध्यम आकाराचं. नाव लिहीत नाही. माणसं मनाने चांगली आहेत आणि परवा पुन्हा आम्हाला त्यांच्याच दारात जायचंय.

सुरुवातीला मास्क नसेल तर दाराबाहेरूनच परत पाठवायचे. त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला राज्यातले निर्बंध उठले, तरी आमच्या युनिटमध्ये सवय टिकून होती. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, त्याच सुमारास दारावरची मास्कची पाटीही निघाली. त्या खिळ्याला आता कालनिर्णय आहे. पाटी गेली त्याचं काही नाही, पण तिच्यासोबत बाकीचंही सगळं गेलं. दोन बेडमधलं अंतर हातभर झालं. एक्झॉस्ट पंखा आवाज करतो म्हणून बंद. एसीचा गारवा जाऊ नये म्हणून दोन्ही सरकत्या खिडक्यांवर थर्माकोल चिकटवलाय. हॉल अंदाजे ४० बाय २० फूट, दहा बेड, तीन स्प्लिट एसी. सातच्या सुमाराला सगळे डबे उघडतात, इडलीचा आणि सॅनिटायझरचा मिळून एक वास येतो, तो चार तास तिथेच असतो. वासच बाहेर जात नाही तर बाकी काय जाणार, हे माझ्या डोक्यात तेव्हा यायला हवं होतं.

गेल्या फेब्रुवारीत आईच्या शेजारचे काका आठवडाभर खोकत होते. बिचारे कुठे जाणार, डायलिसिस चुकवता येत नाही. त्याच आठवड्यात आमच्या रांगेतल्या तिघांना ताप आला. आईला न्यूमोनिया, पाच दिवस अ‍ॅडमिट. तिसऱ्या दिवशी सलाईनच्या सुईची जागा लाल होऊन सुजली. सुई कधी लावली याची तारीख पट्टीवर कोणी लिहिलीच नव्हती. न्यूमोनिया हॉलमधूनच आला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, घरी भाचीलाही सर्दी होती. पण मनातून जात नाही.

मग मी कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र घेतलं. पहिलं स्वस्तातलं घेतलं आणि फसले. सिस्टरांनी सॅनिटायझर चोळला की आकडा दुप्पट! ते प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, हवेतल्या वाफांवरून अंदाज बांधतं. दुसरं इन्फ्रारेड सेन्सरवालं घेतलं. बाहेर पार्किंगमध्ये ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४३०), हॉलमध्ये दुसऱ्या तासाला १,९००. आपल्या उच्छ्वासात साधारण ३८,००० असतो. म्हणजे बाहेरचे ४३० वजा केले तर आई तिथे घेते त्या दर २५-२६ श्वासांतला एक श्वास कोणाच्या तरी फुप्फुसातून आधीच फिरून आलेला. हा हिशोब केल्यापासून मला तिथे बसवत नाही.

इनचार्ज टेक्निशियनना आकडा दाखवला तर म्हणाले, "ताई, कोविड संपला आता. एसी तर चालू आहे की." स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची घेत नाही, हे सांगताना मलाच भांडखोर वाटायला लागलं. आईसुद्धा चिडली, "सुया तेच टोचणार आहेत मला, कशाला वाकड्यात शिरतेस?"

तर मला हे हवंय: कोणाशी बोलायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, आणि त्यांनी काहीच केलं नाही तर आईपुरतं मी काय करू? तिला अजून गळ्यातला पर्मकॅथ आहे (डायलिसिससाठी शिरेत बसवलेली नळी, कॅथेटर). फिस्टुला (सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडतात तो) एकदा केला होता, तो चालला नाही.

प्रतिसाद: सुईदोरा

मी पुण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. ताई, आधी एक गोष्ट: टेक्निशियनला आकडा दाखवू नका. सकाळी दहा पेशंट ऑन करायचे असतात, त्यात कोणी यंत्र पुढे केलं की आम्हाला ती तक्रारच वाटते. प्रत्येक बऱ्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाची नर्स असते, तिला शोधा. दुपारी दोननंतर भेटा, चहाच्या वेळी.

आणि हवेच्या आधी पर्मकॅथ धरा, कारण तिथे तुमची बाजू भक्कम आहे. कॅथेटर जोडताना आणि काढताना पेशंट आणि टेक्निशियन दोघांच्याही तोंडावर मास्क हवा, हा नियम कोविडच्या फार आधीपासूनचा आहे. त्या वेळी कोणी बोललं-खोकलं तरी जंतू थेट रक्तात जायची वाट असते. पाटी निघाल्यावर आमच्याकडेही हा मास्क गळून पडला होता, खोटं कशाला सांगू. तुम्ही नुसतं विचारा, "दादा, ऑन करताना मास्क लावताय ना?" याला कोणी नाही म्हणू शकत नाही. दुसऱ्या फिस्टुलाचं नेफ्रोंना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारत राहा, कॅथेटरपेक्षा फिस्टुलात रक्ताचा संसर्ग खूप कमी होतो. हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसच्या पेशंटला दुप्पट डोसने देतात, आणि नंतर अँटिबॉडी तपासायची असते. ती तपासली का बघा. फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची वेगळी.

एसीबद्दल: गरम आम्हाला होतं, पेशंटला नाही. गाऊन-एप्रन घालून आम्ही पळत असतो, पेशंट ब्लँकेटमध्ये कुडकुडत असतात. हे त्यांच्याशी बोलताना वापरा.

प्रतिसाद: निरोगी_जीवन

एवढं मनावर घेऊ नका. आमच्या आजीने कधी मास्क बघितला नाही, ९२ वर्षं जगली. सकाळी तुळस-आल्याचा काढा द्या, प्रतिकारशक्ती वाढेल.

धागालेखिका

@निरोगी_जीवन, आईला दिवसाला एक लिटर पाणी मोजून मिळतं, त्यात औषधं गिळायची. काढा कुठे बसवू? आजींना नमस्कार.

@सुईदोरा, दादा, मास्कचं लक्षातच आलं नव्हतं. बुधवारी बघितलं: टेक्निशियनचा हनुवटीवर, आईचा पिशवीत.

प्रतिसाद: डक्टवाला

वातानुकूलनाच्या धंद्यात आहे, तेवढंच बोलतो. ४० बाय २० बाय ९ धरला तर हॉल सुमारे २०० घनमीटर. जागतिक आरोग्य संघटना साध्या वॉर्डला दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा सांगते. दहा बेडचा हिशोब केला तर तासाला २,१६० घनमीटर, म्हणजे हॉलची हवा दहा-अकरा वेळा बदलायला हवी. तुमच्याकडे एकदाही बदलत असेल तर नशीब.

यंत्रं विकत घेण्याआधी तो बंद पंखा बघा. १२ इंची एक्झॉस्टच्या खोक्यावर तासाला हजाराच्या वर घनमीटर लिहिलेले असतात. नवा असताना. पात्यांवर बोटभर काजळी आणि मागची झडप चिकटलेली असेल तर अर्धंही मिळत नाही, आवाजही त्यामुळेच येतो. साफ करून, बेअरिंगला तेल देऊन चालू करा. पण खिडक्या बंद ठेवून एक्झॉस्ट लावला तर तो शौचालयातून नाहीतर कॉरिडॉरमधून हवा ओढेल. समोरच्या टोकाची खिडकी चार बोटं उघडी हवी. पंख्याशेजारची नको, नाहीतर हवा तिथल्या तिथे वळसा घालून निघून जाईल. टिश्यू पेपरची पट्टी फटीपाशी धरा, कुठे झुकते त्यावरून हवा कुठून कुठे जातेय ते कळतं.

पेरूमध्ये लिमाच्या रुग्णालयांत हे मोजलं होतं, २००७ मध्ये छापून आलं. दारं-खिडक्या उघडल्यावर तासाला २८च्या आसपास वेळा हवा बदलत होती. जुन्या, उंच छताच्या इमारतींत तर ४०च्या घरात. आपली संस्थानी काळातली सरकारी इस्पितळं आठवा, झरोके कशाला ठेवले होते ते कळेल. आपण मात्र पीओपीचं छत टाकून ते बुजवतो, आणि ते काम मीच करतो म्हणा.

हेपा प्युरिफायर (बारीक कण गाळणारं हवेचं यंत्र) ठेवला तर तासाला ४०० घनमीटरचा एक म्हणजे दोन वेळा हवा बदलण्याइतका फायदा. वाईट नाही. पण त्याने जंतूंचे कण कमी होतात, कार्बन डायऑक्साइड नाही. यंत्रावर १,९००च दिसेल, घाबरू नका.

प्रतिसाद: सुईदोरा

आईपुरतं म्हणाल तर बाकी कोणी लावो न लावो, तिचा स्वतःचा घट्ट बसणारा एन-९५ उपयोगी पडतो. कापडी किंवा निळा सर्जिकल बाजूने उघडा राहतो. दम लागत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. झडपवाला नको, त्यातून तिचा श्वास न गाळता शेजाऱ्याकडे जातो. डबा सगळ्यांबरोबर सातला उघडू नका. घरूनच खाऊन आणा, तसंही डायलिसिस चालू असताना खाल्लं की बीपी पडतं. आणि खोकणाऱ्याला कोपऱ्यातला, एक्झॉस्टखालचा बेड द्या म्हणावं. फुकटात होतं.

धागालेखिका (शुक्रवारी रात्री)

नर्सबाईंना भेटले, यंत्र पिशवीतच ठेवलं. पेशंटना थंडी वाजते तिथून सुरुवात केली, ते चाललं. ऑन करताना मास्क आजपासून सक्तीचा, आईसकट. इलेक्ट्रिशियनने एक्झॉस्ट उतरवला, पात्यांवरून निघालेली काजळी कागदावर काढून मलाच दाखवली. पश्चिमेच्या खिडकीचा थर्माकोल काढला, चार बोटं उघडली. नऊ वाजता आकडा १,०५०. मी कोणाला सांगितला नाही, फक्त आईला. ती म्हणाली, "वास गेलाय खरा."

साडेनऊला कबुतर आत आलं, दोन नंबरच्या मशीनवर बसलं. सिस्टरांनी आधी त्याला हाकललं, मग खिडकी लावून टाकली. जाळी आणून दिलीत तर उघडू म्हणाल्या. उघडी राहते ती जागा साडेतीन बाय दोन फूट आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीला भोकं न पाडता जाळी कशी बसवतात? सोमवारी सकाळच्या आत हवंय.