सोन्याच्या खाणींचे शेअर आणि टेकओव्हरच्या बातम्या : तुमचा अनुभव सांगा

मेलबर्नहून, धागा सुरू करणारी

परवा भिशीला एक मैत्रीण म्हणाली, अगं त्या अमुक खाण कंपनीला कोणीतरी मोठी कंपनी घेणार म्हणतात, घेऊ का थोडे शेअर? मला पटकन उत्तरच देता आलं नाही, कारण हो म्हणायला गेले तर माझं 2022 आठवतं आणि नको म्हणायला गेले तर 2025. म्हणून म्हटलं इथे सगळ्यांना विचारावं. ज्यांनी खरंच पैसे घातलेत, ज्यांच्या हातात शेअर असताना अशी बातमी आली त्यांनी लिहा. टिप्स नकोत, तुमच्याबरोबर काय झालं ते हवंय.

सुरुवात मीच करते. 2020 च्या ऑगस्टमध्ये सोनं पहिल्यांदा 2000 डॉलर औंसाच्या वर गेलं, आम्ही लॉकडाऊनमध्ये घरात, आणि मी न्यूक्रेस्टचे 300 शेअर तेहेतीस-चौतीस डॉलरने घेतले. न्यूक्रेस्ट तेव्हा इथली सगळ्यात मोठी सोन्याची कंपनी, केडिया, लिहिर, टेलफर अशा खाणी, मला वाटलं सोनं वर तर हीपण वर. तसं झालं नाही. दोन वर्षात शेअर सतराच्या आसपास आला. सांगलीहून बाबा फोनवर म्हणाले, तेवढ्याचं वळं केलं असतंस तर निदान हातात घातलं असतंस. मी मात्र अठराने आणखी 300 घेतले, म्हणजे सरासरी सव्वीसच्या आत-बाहेर.

मग 6 फेब्रुवारी 2023, सोमवार. कामावर जाताना ट्रेनमध्ये फोन उघडला तर न्यूमाँट या अमेरिकन सोनेखाण कंपनीची ऑफर, न्यूक्रेस्टच्या एका शेअरमागे न्यूमाँटचे 0.380 शेअर. भाव साडेबावीसवरून साडेचोवीसला. माझा जीव भांड्यात पडला, पण हिशोब केला तर मी अजून तोट्यातच होते! दहा दिवसांनी बोर्डाने ऑफर नाकारली, एप्रिलमध्ये न्यूमाँटने ती 0.400 केली आणि वर 1.10 अमेरिकन डॉलरपर्यंत स्पेशल डिव्हिडंड देऊ केला, मे महिन्यात सह्या झाल्या, ऑक्टोबरमध्ये मतदान झालं त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त मतं बाजूने पडली (माझंही बाजूनेच होतं), आणि 6 नोव्हेंबरला सगळं पूर्ण. म्हणजे पहिल्या बातमीपासून बरोब्बर नऊ महिने.

या नऊ महिन्यात मला जे कळलं नव्हतं ते हे, की मला रोख पैसे मिळणारच नव्हते. मला मिळणार होता न्यूमाँटचा कागद, आणि तो कागद या काळात पन्नास अमेरिकन डॉलरच्या आसपासवरून अडतीसच्या घरात आला होता. प्रीमियम प्रीमियम (म्हणजे चालू भावाच्या वर देऊ केलेले पैसे) म्हणून पेपरात जे येत होतं ते माझ्या डोळ्यादेखत वितळत होतं. 600 चे 240 झाले. स्पेशल डिव्हिडंड फ्रँक्ड होता, म्हणजे त्यावरचा टॅक्स कंपनीने आधीच भरलेला, त्याचा टॅक्समध्ये फायदा मिळाला आणि शेअरच्या बदल्यात शेअर म्हणून कॅपिटल गेन्सचा टॅक्स पुढे ढकलता आला, एवढं चांगलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये न्यूमाँटने तिमाही डिव्हिडंड 40 सेंटवरून 25 सेंट केला आणि भाव तीस अमेरिकन डॉलरला टेकला. त्या आठवड्यात मी घाबरून 120 विकले. दुसऱ्याच वर्षी तो ऐंशीच्या वर गेला. उरलेले 120 अजून आहेत. विकलेल्यांचं वाईट वाटतं ते पैशापेक्षा यासाठी, की त्या आठवड्यात सोन्याचा भाव मुळीच पडलेला नव्हता, 2000 च्या वर होता, आणि मी तिकडे पाहिलंच नाही. लिहा आता तुम्ही.


पर्थहून

ताई, तुमच्या बरोब्बर उलटा अनुभव आहे माझा, पण धडा तोच निघतो बहुतेक. मी इथे खाणीशी संबंधित सप्लायचं काम करतो. 2020 च्या सुरुवातीला पिलबरामध्ये डी ग्रे नावाच्या छोट्या कंपनीला हेमी नावाच्या जागी सोनं लागलं. त्याआधी शेअर पाच सेंटच्या आसपास, त्याच वर्षी डॉलरच्या वर. मी पाच सेंटला नव्हतो, हे आधीच सांगतो, कारण पर्थमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस पाच सेंटवाला असतो. मी 90 सेंटला घेतले.

त्यानंतर चार वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी चर्चा, आता अमका घेणार, आता तमका घेणार. आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी हाच विषय. गोल्ड रोड या दुसऱ्या सोन्याच्या कंपनीने त्यातला मोठा वाटा घेऊन ठेवला तेव्हा तर सगळ्यांना वाटलं झालंच आता. झालं काहीच नाही. दोनदा मी विकायला काढले आणि दोनदा परत घेतले, ब्रोकरेज भरलं, मधला भाव हुकला. शेवटी 2 डिसेंबर 2024 ला नॉर्दर्न स्टार या मोठ्या सोनेखाण कंपनीची ऑफर आली, एकामागे 0.119 शेअर, त्या दिवशीच्या भावाने 2 डॉलर 8 सेंट, एकूण साधारण 5 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. आदल्या भावाच्या 37 टक्के वर. आणि कोणत्याही चहाच्या टेबलावर त्या आठवड्यात नॉर्दर्न स्टारचं नाव नव्हतं, हे मुद्दाम सांगतो.

ताईंसारखंच मलाही कागदच मिळाला. पण मधल्या पाच महिन्यात सोनं 3000 च्या वर गेलं, त्यामुळे घेणाऱ्याचा शेअरही वर, माझे पैसे वाढले. यात माझी हुशारी काहीही नाही. तेच सोनं खाली आलं असतं तर मी ताईंच्या जागी असतो.

आता गंमत बघा, गोल्ड रोडकडे डी ग्रेचा तो वाटा होता ना, शेवटी साधारण सतरा टक्के, त्याचे त्यांना नॉर्दर्न स्टारचे शेअर मिळाले. मग मार्च 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गोल्ड फील्ड्सने गोल्ड रोडलाच ऑफर दिली, 3 डॉलर 5 सेंट, ती नाकारली, मे मध्ये 3 डॉलर 40 वर तयार झाले. या वेळी रोख. त्यातले 2 डॉलर 52 पक्के आणि बाकीचे त्या नॉर्दर्न स्टारच्या शेअरच्या भावाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे एक कंपनी घेतली की तिचा तुकडा दुसरीच्या किमतीत येऊन बसतो. माझ्याकडे गोल्ड रोड नव्हते पण ही ऑफर मी तीनदा वाचली. ज्यांना शिकायचंय त्यांनी अशी कागदपत्रं मुळातून वाचावीत, इतकी काही अवघड नसतात.


ब्रिस्बेनहून

मी मूळची नागपूरची, इथे शिकायला आले आणि राहिले. माझा अनुभव छोटा आहे आणि चांगला नाही, पण ताई म्हणाल्या खरं लिहा म्हणून लिहिते.

एका चॅट ग्रुपवर होते. तिथे एका छोट्या एक्सप्लोरर, म्हणजे अजून सोनं शोधत असलेल्या, कंपनीबद्दल (नाव लिहीत नाही) रोज मेसेज, मोठ्या कंपनीची माणसं साइटवर दिसली, डेटा रूम उघडली (म्हणजे घेणाऱ्याला कंपनीची आतली कागदपत्रं दाखवली), दोन आठवड्यात ऑफर येणार. मी पार्टटाइम कामाचे साठवलेले 4000 डॉलर घातले. एका सकाळी शेअर ट्रेडिंग हॉल्टमध्ये गेला, म्हणजे त्याची खरेदी-विक्री तात्पुरती थांबवली. ग्रुपवर दिवाळी! सगळे म्हणायला लागले आली ऑफर, मी आईला फोन करून सांगितलंसुद्धा. दोन दिवसांनी घोषणा आली ती टेकओव्हरची नव्हती, कंपनी नवे शेअर काढून पैसे उभे करत होती, चालू भावापेक्षा बरेच स्वस्तात. हॉल्ट त्यासाठी होता. उघडल्या उघडल्या शेअर त्या नव्या भावाला जाऊन बसला. मी निम्म्याहून कमीत बाहेर पडले.

ज्या कंपनीची खाण अजून सुरूच नाही तिला कमाई नसते, ती ड्रिलिंगसाठी दर थोड्या महिन्यांनी बाजारात पैसे मागणार हे ठरलेलंच असतं, आणि तिच्याकडे रोकड किती उरलीय हे तिमाही रिपोर्टमध्ये स्पष्ट छापलेलं असतं. तो रिपोर्ट मी विकल्यानंतर वाचला. दोन तिमाहींपुरतेसुद्धा पैसे नव्हते त्यांच्याकडे. आईला पुन्हा फोन करायला मला तीन आठवडे लागले.


मिसिसॉगाहून

नमस्कार मंडळी. वरच्या ब्रिस्बेनच्या मुलीला आधी सांगतो, बाळ, मी वयाच्या पन्नाशीत तुझ्यापेक्षा मोठी रक्कम अशीच घालवलेली आहे, आईला लगेच फोन करत जा.

माझा अनुभव यामाना गोल्ड या इथल्या कॅनडातल्या कंपनीचा. 1000 शेअर होते. 31 मे 2022 ला दक्षिण आफ्रिकेच्या गोल्ड फील्ड्सने ऑफर दिली, एकामागे 0.6 शेअर, सगळं मिळून 6.7 अब्ज अमेरिकन डॉलर. आणि त्याच दिवशी गोल्ड फील्ड्सचा शेअर वीस टक्क्यांहून जास्त पडला, कारण त्यांच्याच भागधारकांना ही किंमत पटली नाही. आता ऑफर त्यांच्या शेअरमध्ये, म्हणजे सकाळी दिलेला प्रीमियम संध्याकाळपर्यंत बराचसा गेलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं की विकत घेणाऱ्याच्या घरातलं भांडण आपल्या खिशाला असं लागतं.

पाच महिने हे लटकलेलं. नोव्हेंबरमध्ये ॲग्निको ईगल आणि पॅन अमेरिकन सिल्व्हर यांनी मिळून दुसरी ऑफर आणली, 4.8 अब्जाची. पहिल्या आकड्यापेक्षा कमी दिसते, पण त्या वेळच्या गोल्ड फील्ड्सच्या भावाने पाहिलं तर जास्त होती आणि त्यात 1 अब्ज रोख होते. यामानाचा पहिला करार मोडला, त्याचे 300 दशलक्ष डॉलर गोल्ड फील्ड्सला मिळाले, आणि तिथल्या सीईओंनी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. 31 मार्च 2023 ला माझ्या खात्यात 1040 डॉलर, ॲग्निकोचे 37 आणि पॅन अमेरिकनचे 159 शेअर आले, अर्ध्यामुर्ध्या तुकड्यांचे पैसे वेगळे. बायको म्हणाली रोख आहे त्यातून भारताची तिकिटं काढा, ती काढली. ॲग्निको तसेच ठेवले, तेव्हा पन्नासच्या आसपास होते, 2025 मध्ये दीडशेच्या पुढे गेले. मी ठेवले ते विचार करून नव्हे, 37 शेअर विकायला काय जायचं असं म्हणून राहिले.


पुण्याहून

इथल्या बहुतेकांनी थेट शेअर घेतलेत, मी भारतात बसून फंडातून गेलो. परदेशी सोनेखाण कंपन्यांत पैसे लावणारा फंड, 2011 मध्ये एसआयपी सुरू केली, म्हणजे अगदी शिखरावर. त्या वर्षी सोनं 1900 च्या आसपास, 2015 संपताना 1050 ला. सोनं साधारण 45 टक्के पडलं आणि माझा फंड त्याहून कितीतरी जास्त.

कारण साधं आहे, मला ते उशिरा उमगलं. समजा एक औंस काढायला कंपनीला 1400 खर्च येतो. सोनं 2000 तर सुटतात 600. सोनं 2600 झालं, म्हणजे तीसच टक्के वाढलं, तर सुटतात 1200, दुप्पट. खाली येतानाही हेच गणित, सोनं 1700 झालं की सुटणारे 600 चे 300. आणि चांगल्या काळात डिझेल, मजुरी, सगळंच महागतं त्यामुळे तो 1400 चा आकडाही जागेवर राहत नाही.

टेकओव्हरबद्दल आमच्या बाजूचं सांगतो, म्हणजे विकत घेणाऱ्या कंपनीच्या भागधारकाचं. फंडात मोठ्या कंपन्याच जास्त असतात, त्यामुळे प्रीमियम घेणारे आम्ही कमी वेळा आणि देणारे जास्त वेळा. किनरॉस कंपनीने 2010 मध्ये 7.1 अब्ज डॉलरला रेड बॅक ही कंपनी घेतली, मॉरिटानियातल्या तासियास्त खाणीसाठी, आणि नंतर त्यातले अब्जावधी राइटऑफ केले, म्हणजे बुडाले म्हणून हिशोबातून काढले. बॅरिकने 2011 मध्ये तांब्याची इक्विनॉक्स घेतली, तिथेही तेच. तेजीत सगळ्यांच्या हातात महाग शेअर असतात, त्या शेअरने खरेदी करायला कोणाचा हात अडत नाही. 2023 मध्ये न्यूमाँटचा भाव का घसरत राहिला असं मेलबर्नच्या ताईंना वाटत असेल तर त्यात आमच्यासारख्या पोळलेल्यांची धास्तीही असणार, असं मला वाटतं.

2022 च्या फेब्रुवारीत परदेशी गुंतवणुकीची एकूण मर्यादा भरत आली म्हणून फंडांनी नवे पैसे घेणं थांबवलं, माझीही एसआयपी अडकली, नेमके भाव पडलेले असताना. तरी जुने युनिट ठेवले. 2011 चे हप्ते हिरवे दिसायला मला किती थांबावं लागलं ते बायकोला विचारा, तिने त्याच वर्षांत दर गुरुपुष्याला एक-दोन ग्रॅम घेतलं आणि तिला एकदाही ॲप उघडावं लागलं नाही.


मेलबर्नहून, धागा सुरू करणारी

पुण्याचे दादा, हो, त्या वेळी असं कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि ब्रिस्बेनची मैत्रीण, तू लिहिलंस म्हणून खूप आभार, तुझा मेसेज मी भिशीच्या ग्रुपवर तुझं गाव काढून टाकून पाठवला तर चालेल का?


पर्थहूनच, पण दुसरा

मी शेअरवाला नाही फारसा, पण वर टेलफरचं नाव आलं म्हणून राहवलं नाही. मी टेलफरला कॉन्ट्रॅक्टरकडून जातो, ग्रेट सँडी डेझर्टमध्ये आहे, पर्थहून विमानाने, दोन आठवडे तिकडे आणि एक घरी. 1977 ची खाण. मी लागलो तेव्हा न्यूक्रेस्ट. नोव्हेंबर 2023 ला न्यूमाँट. लगेच तीन महिन्यांनी न्यूमाँटने जाहीर केलं की ज्या खाणी विकायच्या त्यात ही पण. मग 2024 मध्ये टेलिंग्ज डॅमच्या (खाणीचा उरलेला गाळ साठवायच्या बांधाच्या) दुरुस्तीसाठी मिल, म्हणजे दगड दळून सोनं काढायचा कारखाना, थांबली, आम्हाला वाटलं आता काही खरं नाही, मेसमध्ये जेवताना कोणी बोलेना. सप्टेंबरमध्ये ग्रेटलँड नावाच्या कंपनीने 475 दशलक्ष अमेरिकन डॉलरपर्यंतचा सौदा केला, त्यात शेजारच्या हॅवेरॉन या सोन्याच्या साठ्यातला न्यूमाँटचा वाटापण आला, आणि डिसेंबरमध्ये ताबा.

तुम्ही लोक प्रीमियम किती, रेशो किती बघता ते बरोबरच आहे. आमच्याकडे त्या तेरा महिन्यात ज्यांची पोरं शाळेत आहेत अशा चार चांगल्या लोकांनी वाट न बघता लोखंडाच्या खाणीत नोकऱ्या धरल्या, त्यातला एक मिलमधला सगळ्यात जुना फिटर होता. खाण नवीन मालकाकडे गेली तेव्हा तो तिथे नव्हता, आणि हे कुठल्याच ऑफरच्या कागदात येत नाही. जून 2025 ला ग्रेटलँड इथल्या बाजारात 6 डॉलर 60 ला आली तेव्हा मी थोडे घेतले, कारण ती मिल पुन्हा चालताना मी स्वतः पाहिलीय. अजून ठेवलेत.

साताऱ्याहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न तोच असतो, आता मालक कोण रे तुमचा? मी सांगतो, ग्रेटलँड. मग ती विचारते, आणि दिवाळीपर्यंत तोच राहील ना?