नाताळसाठी 16 महिन्यांच्या भाच्याला 500 रुपयांच्या आत काय द्यावे?

मिरजेची आत्या

सर्वांना नमस्कार. माझा भाऊ साताऱ्याला नोकरीस असून नाताळला तो सहकुटुंब मिरजेला येणार आहे. त्याचा धाकटा मुलगा 16 महिन्यांचा आहे आणि नुकताच आधाराशिवाय चालू लागला आहे. 25 डिसेंबरला सकाळची उपासना आटोपून घरी आल्यावर, करंज्या आणि केक यांच्यावर ताव मारण्याआधी मुलांना भेटी देण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे. मोठ्या भाचीने, ती 6 वर्षांची आहे, रंगाचे साहित्य स्वतःच मागितल्यामुळे तिचा प्रश्न सुटला आहे. धाकट्यासाठी मी 500 रुपये बाजूला ठेवले आहेत आणि या महिन्यात त्याहून अधिक खर्च करणे मला शक्य नाही.

सांगलीत मारुती रोडला चक्कर मारली, तेव्हा बहुतेक ठिकाणी दिवे लागणारी आणि गाणी वाजवणारी बॅटरीची खेळणीच पुढे करण्यात आली. ती घ्यायला माझे मन धजत नाही. आईचे म्हणणे असे की, चार नातेवाइकांसमोर भेट डोळ्यांत भरली पाहिजे. मला मात्र ती मुलाच्या हातात वर्षभर राहावी असे वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालवाडीताई, सांगली

ताई, आपल्या मनाने दिलेला कौल योग्य आहे. अनेक वर्षे लहान मुलांमध्ये वावरल्यामुळे मी एवढे खात्रीने सांगू शकते की, जे खेळणे स्वतःच सगळे करते, त्याच्यासमोर मूल फक्त बसून राहते. आणि जे खेळणे काहीच करत नाही, त्याच्याशी मूल स्वतः काहीतरी करू लागते. 16 महिन्यांच्या मुलाला सध्या ज्याचे वेड असते, ते म्हणजे भरणे, ओतणे, आत टाकणे, बाहेर काढणे आणि एकावर एक ठेवणे. म्हणून माझी पहिली पसंती साध्या लाकडी ठोकळ्यांना आहे. ते मुलाच्या मुठीत मावतील पण तोंडात मावणार नाहीत एवढे, म्हणजे साधारण 4 ते 5 सेंटीमीटरचे असावेत. शंभर नगांचा संच मुळीच घेऊ नये. दीड वर्षाचे मूल साधारणपणे तीन ठोकळ्यांचा मनोरा रचते आणि दोन वर्षांचे झाले की सहाचा, त्यामुळे दहा-बारा ठोकळे त्याला भरपूर होतात. पुढे तेच ठोकळे कधी गाडी होतात, कधी भिंत, कधी भाकरी.

दुसरी गोष्ट आपण घरीच करू शकाल. पत्र्याचा नव्हे, तर जाड प्लॅस्टिकचा एक रुंद डबा घ्यावा, त्याच्या झाकणाला लांबट चीर पाडावी, चिरेच्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात आणि सोबत लोणच्याच्या बरण्यांची मोठी झाकणे स्वच्छ धुऊन द्यावीत. आमच्या वर्गातील एक मुलगा हे झाकण आधी आडवे धरून रेटत असे, ते जात नाही म्हटल्यावर डब्यावर आपटत असे आणि एके दिवशी त्याने मनगट वळवून ते उभे केले. झाकण आत पडल्याचा आवाज झाला, तेव्हा त्याने डब्याला कान लावला आणि लगेच दुसरे उचलले. विकत घेतलेल्या कोणत्याही खेळण्याने त्याला इतका वेळ एका जागी बसवले नव्हते. मात्र पाण्याच्या बाटल्यांची छोटी झाकणे यासाठी कदापि वापरू नयेत. ती घशात अडकू शकतात.

रात्रपाळी, मिरज

मी परिचारिका आहे, म्हणून सुरक्षिततेबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. 1 जानेवारी 2021 पासून आपल्या देशात 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाजवळ परवाना क्रमांकही छापलेला असतो आणि तो बीआयएस केअर या ॲपवर टाकल्यास उत्पादकाचे नाव दिसते. दुकानात उभ्या-उभ्या दोन मिनिटांत होणारे हे काम आहे आणि ते करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. नोंदणीकृत हस्तकला कारागीर स्वतः बनवून विकतात ती खेळणी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना या नियमातून सवलत आहे. त्यामुळे कारागिराकडच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह दिसले नाही, तर ते बेकायदा ठरत नाही. पण अशा वेळी तपासणी आपल्यालाच करावी लागते.

तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ज्या नळीत घालून पाहतात, तिचा व्यास सुमारे 32 मिलिमीटर असतो. दहा रुपयांचे नाणे 27 मिलिमीटरचे असते, यावरून अंदाज येईल. त्या नळीत पूर्ण मावणारी कोणतीही वस्तू या वयाच्या मुलाजवळ नको. कापडी बाहुली किंवा अस्वल घेतल्यास डोळे प्लॅस्टिकचे चिकटवलेले नसून धाग्याने भरलेले असावेत. ओढण्याच्या खेळण्याची दोरी वीतभराहून लांब नसावी. फुगेही टाळावेत, कारण फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटून श्वास बंद करतो.

मात्र मला सर्वाधिक भीती बटणासारख्या चपट्या बॅटरीची वाटते. ती अन्ननलिकेत अडकली की ओल्या आवरणातून वीजप्रवाह वाहू लागतो, त्या जागी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत गंभीर भाजणे होऊ शकते. बॅटरी वापरून संपलेली असली तरी धोका टळत नाही. मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नये. क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. घरात कोणी गाणारे खेळणे आणलेच, तर बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते की नखाने उघडते, एवढे तरी आवर्जून पाहावे. मोठ्या भाचीच्या मण्यांच्या आणि चुंबकांच्या डब्यालाही त्या दिवशी वरच्या फळीवर जागा द्यावी; मोठ्या भावंडाच्या वस्तूंतून होणारे अपघात कमी नसतात.

पोवई नाका, सातारा

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. माझी भर पुस्तकाची. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तके अगदी माफक किमतीत मिळतात, पण त्यांतील बहुतेकांची पाने पातळ असल्याने ती सध्या मांडीवर घेऊन दाखवण्यापुरती ठेवावी लागतील. मुलाच्या स्वतःच्या हाती द्यायला जाड पुठ्ठ्याचे पुस्तक हवे, आणि ते आपण तयारच का करू नये? आपला भाचा वर्षभर साताऱ्यात असतो. आजी, आजोबा, आत्या, मिरजेचे घर आणि अंगणातले मांजर त्याला एरवी फोनच्या पडद्यावरच दिसत असणार. या प्रत्येकाचे एकेक मोठे छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवून लॅमिनेट करून घ्यावे, कोपरे गोल कापावेत आणि पाने तारेऐवजी जाड कापडी फितीने बांधावीत. आठ-दहा पानांचे हे काम आपल्या रकमेत आरामात बसते.

आमच्या मुलीसाठी माझ्या बहिणीने असे पुस्तक केले होते. मुलगी आजोबांच्या पानावर आली की बोट ठेवून "आबा" म्हणायची आणि मग दाराकडे पाहायची. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. लांब राहणाऱ्या आत्याने त्याच्या ओळखीचे व्हावे, तर ते असेही होता येते. आईंच्या शंकेचेही उत्तर यातच आहे, असे मला वाटते. घरातल्या सगळ्यांचे चेहरे असलेले पुस्तक नातेवाइकांच्या डोळ्यांत नक्कीच भरेल.

कृष्णाकाठ

कपडे देऊ नयेत, असे सुचवतो, कारण नाताळला ते सगळेच देतात आणि मूल सहा महिन्यांत त्यांतून बाहेर पडते. शक्य असल्यास मामा, काका आणि आपण मिळून वर्गणी काढावी आणि एकच मजबूत वस्तू घ्यावी. आपण मिरजेच्या आहात म्हणून सतार-तंबोऱ्यांच्या गल्लीत काही लहानसे वाद्य मिळेल असा विचार मनात येऊ शकतो. पण तारेचे वाद्य या वयाला नको. झांजा नसलेली साधी डफली चालेल.

मिरजेची आत्या

सर्वांचे मनापासून आभार. ठोकळे आणि छायाचित्रांचे पुस्तक हे माझे नक्की झाले. छायाचित्रे आजच निवडायला घेते. वर्गणीची कल्पना आईलाही पटली आणि त्यावरून एक प्रश्न निघाला. माळ्यावर भावाचा लहानपणीचा लाकडी पांगुळगाडा आहे, त्याला लाल-हिरवा तेलरंग दिलेला असून तो बराच उडाला आहे. तो घासून, पुन्हा रंगवून द्यावा काय? की बसून चालवायचा चाकांचा वॉकर घ्यावा?

रंधा

माझा लाकूडकामाचा व्यवसाय आहे, म्हणून उत्तर देतो. बसायचा वॉकर अजिबात घेऊ नये. मूल त्यात पाय रेटून क्षणात उंबऱ्यापर्यंत किंवा जिन्यापर्यंत पोहोचते आणि तो चालायला शिकवतो हा समजही खरा नाही. कॅनडाने तर 2004 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते, त्यामुळे तो उत्तम.

परंतु माळ्यावरचा तो गाडा घरी घासू नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तेलरंगांत, विशेषतः लाल, पिवळ्या आणि हिरव्या छटांत, शिसे भरपूर असू शकते. कोरड्या पॉलिश पेपरने घासल्यास त्याची बारीक धूळ फरशीवर बसते, आणि रांगणाऱ्या-चालणाऱ्या मुलाचा हात फरशीवरून सरळ तोंडात जातो. वरून नवा रंग दिला तरी मूल दांडी चावणारच, तेव्हा खालचा थर पुन्हा उघडा पडेल. भावाची आठवण म्हणून गाडा आहे तसा जपून ठेवावा आणि त्याच्या मापाचा नवा गाडा सुताराकडून करून घ्यावा. लाकूड सागाचे नसले तरी चालेल, पण ते वाळलेले आणि फास नसलेले असावे. दांडी मुलाच्या छातीच्या खाली येईल एवढ्याच उंचीची ठेवावी. पुढची बैठक रुंद आणि थोडी जड असावी, म्हणजे मुलाने दांडीला धरून उठताना गाडा उलटणार नाही. चाकांवर रबराची पट्टी बसवून घ्यावी, नाहीतर गुळगुळीत फरशीवर तो मुलाच्या पुढे पळतो. रंगाची गरज नाही. कडा गोल करून, खाण्याचे खोबरेल तेल चोळले तरी पुरे. मिस्त्रींना या आठवड्यातच सांगून ठेवा, कारण डिसेंबरच्या शेवटी लग्नसराईची कामे त्यांच्या हातात असतात.