मदत हवी आहे: टेकू सोडून दुसरा बिंदू घेतला की टॉर्क शून्य का येत नाही?

अकरावी_गुहागर:
उद्या सकाळी चाचणी आहे, लवकर सांगा प्लीज. आजोळच्या विहिरीवर पाणी काढायची लाट आहे ना (टेकूवरचा लांब दांडा, एका टोकाला धोंडा, दुसऱ्याला बादली), तसंच गणित आहे. टेकूभोवती टॉर्क (फिरवणारा जोर, बल गुणिले अंतर) काढला तर शून्य येतो. सर म्हणाले कुठलाही बिंदू घ्या, म्हणून डावं टोक घेतलं तर 400 आला. दांडा तर हलत नाहीये! तीनदा करून पाहिलं, तेच येतंय.

माडाखाली:
400 काय, न्यूटन-मीटर? लांबी किती, वजनं किती, टेकू कुठे? काहीच न देता कसं सांगणार?

अलिबागकर:
लाट म्हणजे आमच्याकडची ओकती. लहानपणी त्यावरच बाग शिंपायचो. बादली खाली सोडताना जोर लावायचा, भरली की मागचा धोंडाच ती वर आणतो. अजून चालू आहे का तुमची?

अकरावी_गुहागर:
चालू आहे काका. दांडा 4 मीटर, त्याचं वजन धरायचं नाही असं दिलंय. डाव्या टोकाला धोंडा 30 किलो, उजव्या टोकाला भरलेली बादली 10 किलो, टेकू डावीकडून 1 मीटरवर. जी (गुरुत्व त्वरण) = 10, म्हणजे वजनं 300 आणि 100 न्यूटन. टेकूभोवती 300×1 आणि 100×3, जुळलं. डाव्या टोकाभोवती धोंड्याचा शून्य, बादलीचा 100×4 = 400.

चिपळूण_गॅरेज:
टॉर्क समजायचा तर चाकाचा नट खोल. जाम झाला असेल तर पान्याला पाइप घाल, हात लांब झाला की तेवढ्याच जोरात सुटतो. आवळताना मात्र पाइप लावू नकोस, बोल्ट तुटतो.

वल्हेकरी:
डोकं पिकवू नकोस. नेहमी टेकूच धर, उत्तर येतं. परीक्षेत तेवढं पुरतं.

निवृत्त_मास्तर:
नाही पुरत. भिंतीला टेकवलेल्या शिडीचं गणित आलं तर टेकू कुठला धरशील? खाली जमिनीचा आधार, वर भिंतीचा. तिथे शिडीचा पाय धरायचा, म्हणजे जमिनीची दोन्ही बलं एका फटक्यात गणितातून जातात. बिंदू निवडायचा तो यासाठी.
बाळ, चूक तुझ्या आकड्यांत नाही, आकृतीत आहे. दांड्यावर बलं किती काढलीस?

अकरावी_गुहागर:
दोन. धोंडा आणि बादली.

निवृत्त_मास्तर:
मग 400 न्यूटन खाली ओढत असताना दांडा खाली का येत नाही?

अकरावी_गुहागर:
टेकूने धरलाय म्हणून.

निवृत्त_मास्तर:
तेच तिसरं बल, वरच्या दिशेने 400 न्यूटन. टेकूभोवती काढताना त्याचं अंतर शून्य, म्हणून ते विसरलं तरी उत्तर बरोबर आलं. डाव्या टोकापासून मात्र ते 1 मीटरवर आहे. आता पुन्हा मांड.

वल्हेकरी:
म्हणूनच म्हटलं टेकू धर, विसरलं तरी चालतं.

देवगड_इंजिनिअर:
वल्हेकरी, विसरलं तरी चालतं हीच सवय पुढे नडते. आर क्रॉस एफ (अंतर आणि बल यांचा दिशेसकट गुणाकार, क्रॉस प्रॉडक्ट) शिकून घे मुला, दिशा आपोआप मिळते. सगळ्या बलांची बेरीज शून्य असली की एकूण टॉर्क कुठल्याही बिंदूभोवती सारखाच येतो. म्हणून दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवताना जोर सारखा आणि उलट असेल तर टॉर्क कुठूनही मोजा, तोच. पण बेरीज शून्य नसेल तर बिंदूगणिक टॉर्क बदलतो, म्हणून कुठल्या बिंदूभोवती ते लिहिलंच पाहिजे.

माडाखाली:
उद्या चाचणी आहे त्याची, क्रॉस प्रॉडक्ट राहू दे. आणि खऱ्या लाटेत दांड्याचं वजन सोडून चालत नाही. 10 किलोचा एकसारखा दांडा धरला तर त्याचं वजन मधोमध, म्हणजे टेकूच्या उजवीकडे 1 मीटरवर. 100 न्यूटन-मीटर वाढले, धोंडा 40 किलोचा लागेल.

अकरावी_गुहागर:
जमलं!! बादली 400 घड्याळाच्या दिशेने, टेकू 400 उलट. मग उजवं टोकही घेतलं: धोंडा 300×4 = 1200, टेकू 400×3 = 1200. दांड्याच्या मधोमध: धोंडा 600, बादली 200, टेकू 400. धोंडा एकीकडे, बाकी दोन दुसरीकडे. तिथेही शून्य! मास्तर, खूप आभार. आता शिडीचं करून बघतो.

निवृत्त_मास्तर:
शिडीत घर्षणाचा बाण विसरू नकोस. आणि आता लवकर झोप.

अलिबागकर:
दांडा कशाचा आहे तेवढं सांग चाचणी झाल्यावर. आमचा बांबूचा होता, दर दोन-तीन वर्षांनी बदलावा लागायचा.