मदत हवी आहे: 'टर्बेलेरिया' वर्ग धरायचा की सोडायचा?

काल कुंडी उचलली तर खालच्या ओल्या थाळीत वीतभर लांब, फितीसारखा चपटा प्राणी. आधी वाटलं गांडूळ, पण अंगावर वळ्या नाहीत. डोकं अर्धचंद्रासारखं पसरट, पाठीवर पाच काळपट रेघा. वळवळत नव्हता, चिकट्यावरून नुसता घसरत होता. काडीने उलटा केला तर तोंड पोटाच्या मध्यावर! गुदद्वार नाहीच, खाणं आणि टाकणं एकाच वाटेने.

शोधाशोध करून बायपॅलियम क्युएन्सपर्यंत पोचले. (१८७८ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरात सापडला म्हणून हे नाव, मूळचा मात्र आग्नेय आशियातला.)

अडलंय ते पुढे. आम्ही शिकलो तेव्हा चपटकृमी संघात स्वतंत्र जगणारे ते टर्बेलेरिया, बाकी परजीवी: ट्रेमॅटोडा, सेस्टोडा, मोनोजीनिया. नव्या आकृत्यांत टर्बेलेरिया गायबच. भाचीच्या प्रकल्पात वर्ग कोणता लिहू?

प्रतिसाद

ऱ्हॅब्डिटोफोरा लिहा. टर्बेलेरिया म्हणजे 'परजीवी वगळून उरलेले सगळे', त्यामुळे तो खरा वंशगट (एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज) ठरत नाही. यकृतकृमी, पट्टकृमी वगैरे परजीवींचा नीओडर्माटा हा गट स्वतंत्र जगणाऱ्या चपटकृमींमधूनच फुटलेला आहे. तुमचा पाहुणा आणि पट्टकृमी दोघेही ऱ्हॅब्डिटोफोरातले. कॅटेन्युलिडा (स्वतंत्र जगणाऱ्या चपटकृमींचाच एक गट) मात्र ऱ्हॅब्डिटोफोराबाहेरचे, जुन्या पुस्तकात ते टर्बेलेरियात असले तरी. म्हणजे नात्याने तुमचा प्राणी कॅटेन्युलिडापेक्षा पट्टकृमीला जवळचा! एसीला (हेही पूर्वी टर्बेलेरियातच धरत) तर १९९९ च्या जनुकीय अभ्यासानंतर संघाबाहेरच गेले.

गण ट्रायक्लॅडिडा, कुल जिओप्लॅनिडी. यात वाद नाही. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकात असेल तेच लिहायला सांगा, उगाच गुण जायचे.

आणि उघड्या हाताने धरू नका, त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे मज्जातंतूंवर परिणाम करणारं विष सापडलंय. तोडू तर मुळीच नका, तुकड्यांचे नवे प्राणी होतात. गांडुळं फस्त करतो तो.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार, पट्टकृमीचं नातं ऐकून भाची उडालीच. तोडण्याबद्दल मात्र उशीर झाला. उचलताना खुरपं लागून शेपटाकडचा तुकडा पडला, तो अजून हलतोय. दोन्ही भाग ओल्या कागदावर डबीत ठेवलेत, झाकण घट्ट. शेपटाला डोकं फुटायला साधारण किती दिवस लागतात?