मदत हवी आहे: एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपना (आवाजाच्या तुकड्यांना) ओळीने क्रमांक कसे द्यायचे?

ठाणे-घोडबंदर पट्ट्यात लाइव्हवर काम करणाऱ्यांना विचारतोय. ट्रॅकना नावं देणं जमतं: कंट्रोल+आर (नाव बदलायचा शॉर्टकट), नाव टाइप, मग टॅब दाबला की थेट पुढच्या ट्रॅकचं नाव उघडतं, माउस लागतच नाही. नावाआधी # टाकला की ट्रॅकचा क्रमांक आपोआप येतो आणि ट्रॅक हलवला की बदलतो. हे सगळं रेकॉर्डिंगआधीच, कारण ऑडिओ फाइल ट्रॅकचंच नाव घेते. नाहीतर डिस्कवर ‘ऑडिओ’ नावाचा नुसता ढीग.

अडतंय ते क्लिपपाशी. ढोलकीचे 16 तुकडे एकत्र निवडून कंट्रोल+आर केलं तर सगळ्यांना एकच नाव बसतं. हवंय ‘ढोलकी 01’ ते ‘ढोलकी 16’. मॅक्स फॉर लाइव्हचं (लाइव्हला जादा साधनं जोडायची सोय) एखादं खात्रीचं डिव्हाइस वापरतंय का कुणी? विंडोज, लाइव्ह 11 स्वीट (Suite) आवृत्ती. (‘रीपर घे’, म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर घे, हे उत्तर कृपया नको.)